पिरॅमिडमध्ये आपण कुठे?

गेल्या वर्षी मुलगी सहावीत होती. कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाला प्राचीन संस्कृती असतात: मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, भारत, चीन, रोम. भारताचा धडा सुरू झाला त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद पसरला. कागदावर मोठा त्रिकोण छापलेला, आडव्या रेघांनी त्याचे चार मजले पाडलेले आणि त्रिकोणाच्या खाली, बाहेरच्या बाजूला, एक रिकामी पट्टी. मजल्यांना नावं द्यायची आणि रंगवायचं, हा गृहपाठ. मी कणीक मळत होते. पाठीमागून प्रश्न आला, "आई, आपण यात कुठे?"

आमचं आडनाव ऐकून पुण्यात कुणीही दोन सेकंदांत याचं उत्तर देईल. मला मात्र वेळ लागला. हात धुतले, पुसले, उगाच परत धुतले. मग म्हटलं, "वर. सगळ्यात वर." वरचा मजला तिने आधीच गुलाबी रंगवून टाकला होता. "ओके," म्हणाली आणि खालच्या पट्टीसाठी राखाडी खडू शोधायला लागली.

रात्री व्हॉट्सॲपवर आमच्या भागातल्या पालकांच्या ग्रुपवर याच कागदाचा फोटो फिरत होता. खाली लिहिलेलं: आपल्या मुलांना वर्गात मान खाली घालायला लावणारा हा धडा आहे, सोबतच्या पत्रावर सही करा. पत्राची मागणी होती की जातीचा उल्लेखच काढा. मी सही केली नाही. पण तो कागद मला पटला होता असंही नाही. अमेरिकेतल्या शाळांत बहुसांस्कृतिक शिक्षणावरून गेली पन्नास-साठ वर्षं जो वाद चालू आहे, त्यात मी नेमकी या दोन नकारांच्या मधोमध उभी आहे, आणि ही जागा वाटते तितकी गुळमुळीत नाही.

आधी थोडं या वादाच्या मुळाविषयी. या देशात राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही. तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत, प्रत्येकाचं मंडळ बहुधा निवडून आलेलं, वर राज्याचं मंडळ. त्यामुळे काय शिकवायचं यावरची भांडणं दिल्लीत होतात तशी वॉशिंग्टनमध्ये होत नाहीत, ती गावच्या शाळेच्या सभेत, मायक्रोफोनसमोर रांग लावून होतात. आणि ती फार जुनी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये नेब्रास्काने आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये जिंकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी हीच गोष्ट उलट बाजूने विचारली: आमच्या पोरांना इंग्रजी येत नाही, शिकवत तर तुम्ही फक्त इंग्रजीत, मग सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच वर्ग दिला म्हणजे समान वागणूक झाली का? १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, नाही झाली. या दोन्हींच्या दरम्यान १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांचा जवळजवळ पाच महिने संप चालला आणि त्यातून 'एथ्निक स्टडीज'चं, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक गटांच्या इतिहासाच्या आणि समाजाच्या अभ्यासाचं, वेगळं महाविद्यालय उभं राहिलं. बहुसांस्कृतिक शिक्षण हे असं कोर्टातून आणि संपातून शाळेत शिरलेलं आहे. सणासुदीचं ताट घेऊन ते आलं नव्हतं.

ताट नंतर आलं. आमच्या शाळेत दर वसंतात 'इंटरनॅशनल नाइट' असते. जिममध्ये देशोदेशींची टेबलं. आमच्यावर पोहे, चकल्या, फ्लेक्सवर रायगड, कुणाची तरी नऊवारी आणि डफलीच्या ठेक्यावर लेझीम, कारण ढोल वाजवला तर फायर अलार्म वाजतो असं कुणीतरी एकदा सांगितलं होतं. मलाही ती संध्याकाळ आवडते. शेजारच्या टेबलावरची इथिओपियन बाई इंजेऱ्यावर, म्हणजे त्यांच्याकडच्या आंबवलेल्या धिरड्यावर, जे घालून देते त्यासाठी मी वर्षभर वाट बघते. पण त्या रात्री कुणाला कुणाबद्दल काही कळलं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

आणि हे असं ताटापुरतं बहुसांस्कृतिक असणं सगळ्यांना चालतं. अगदी विरोधकांनाही. हे मला ॲरिझोनातल्या टूसॉनच्या प्रकरणाने शिकवलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

टूसॉनच्या शाळा-जिल्ह्यात १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग होते. जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक मुलं मेक्सिकन वंशाची. टूसॉन हे गाव मुळात मेक्सिकोचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेने विकत घेतलेल्या पट्ट्यातलं. म्हणजे कित्येक घरं अशी की ती सीमा ओलांडून आली नाहीत, सीमाच त्यांना ओलांडून गेली. २००६ मध्ये शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस ह्युर्टा तिथल्या हायस्कुलात बोलायला आल्या आणि रिपब्लिकन लोक लॅटिनोंचा द्वेष करतात असं म्हणाल्या. हे वाक्य शाळेत बोलायचं नव्हतं, माझं मत स्पष्ट आहे. पण त्यावरून राज्याचे शिक्षणप्रमुख टॉम हॉर्न यांनी तो अख्खा अभ्यासक्रमच लक्ष्य केला. २०१० मध्ये कायदा झाला. सरकार उलथवण्याला चिथावणारे, एखाद्या वंशाबद्दल वा वर्गाबद्दल रोष पसरवणारे, मुख्यतः एकाच वंशगटासाठी आखलेले, किंवा व्यक्तीपेक्षा गटाच्या एकजुटीला महत्त्व देणारे वर्ग चालणार नाहीत. न ऐकल्यास राज्याच्या अनुदानातले दहा टक्के कापणार. हॉर्न यांच्यानंतर त्या खुर्चीत आलेले जॉन हपनथॉल यांनी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करवली. तिला कायदा मोडल्याचा पुरावा सापडला नाही. तरी हपनथॉल यांनी वर्ग बेकायदा ठरवले. जानेवारी २०१२ मध्ये टूसॉनच्या शाळा-मंडळाने हात टेकले, आणि सात पुस्तकं वर्गांतून गोळा करून खोक्यांत भरली गेली. काही वर्गांत मुलं बाकांवर बसलेली असताना.

पुढची गोष्ट एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. हपनथॉल टोपणनावाने इंटरनेटवर शेरे लिहीत असल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. त्यातलं एक टोपणनाव होतं थ्युसिडिडीज, म्हणजे ग्रीक इतिहासकार! शेऱ्यांचा आशय असा: स्पॅनिश रेडिओ नको, स्पॅनिश फलक नकोत, स्पॅनिश वर्तमानपत्रं नकोत. मेक्सिकन पदार्थ विकायला मात्र त्यांची हरकत नव्हती, मेनू कार्ड बहुतांशी इंग्रजीत असलं म्हणजे झालं.

राज्याचा शिक्षणप्रमुख. जेवण चालेल, इतिहास नको.

२०१७ मध्ये फेडरल न्यायाधीश वॉलेस टाशिमा यांनी निकाल दिला की या बंदीमागे वांशिक आकस होता आणि तिने विद्यार्थ्यांचे घटनात्मक हक्क मोडले. त्या टोपणनावी शेऱ्यांना त्यांनी पुरावा म्हणून मोठं वजन दिलं. टाशिमा स्वतः लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांबरोबर छावणीत डांबले गेले होते. त्यांची छावणी पोस्टनला होती. पोस्टन ॲरिझोनातच आहे.

निकाल लागला तेव्हा वर्ग मोडून पाच वर्षं झाली होती. आणि २०२२ च्या निवडणुकीत हॉर्न पुन्हा त्याच पदावर निवडून आले.

आता विरोधकांच्या बाजूने. हॉर्न सांगतात की कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते स्वतः चालले होते, आणि माणसाला कातडीवरून नव्हे तर चारित्र्यावरून ओळखायचं, हेच तिथे शिकले. १९९१ मध्ये इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनीही हीच भीती मांडली होती, आणि ते काही उजव्या गटातले नव्हते, केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले उदारमतवादी होते. शाळा जर प्रत्येक मुलाला तू आधी अमक्या गटाचा आणि मग इथला, असं शिकवायला लागली तर देशाला धरून ठेवणारा धागा कुठला, असा त्यांचा सवाल. हा सवाल मला खोटा वाटत नाही. आपण ज्या देशातून आलो तिथे 'आमच्या समाजाच्या भावना' हा शब्दप्रयोग पुस्तकांचं काय करतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण श्लेसिंजर यांना ज्या गोष्टीची भीती वाटत होती ती दुसऱ्यांचा इतिहास शिकल्याने होत नाही. आपल्या गटाचं प्रकरण आपल्याच गटाने लिहावं, असा हट्ट धरला की ती होते. इथे मला आपल्याकडे वळावंच लागतं.

कॅलिफोर्नियात ठरावीक वर्षांनी पाठ्यपुस्तकं नव्याने मंजूर होतात. २००५ मध्ये सहावीच्या पुस्तकांची पाळी आली तेव्हा वेदिक फाउंडेशन आणि हिंदू एज्युकेशन फाउंडेशन या दोन संस्थांनी दुरुस्त्यांची यादी दिली. त्यातल्या काही तक्रारी शंभर टक्के रास्त होत्या. एका पुस्तकात हनुमानाची गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना विचारलं होतं, आजूबाजूला बघा, कुठे माकड दिसतंय का? येशूच्या गोष्टीनंतर असा विनोद करायची कुणा प्रकाशकाची हिंमत झाली असती? पण त्याच यादीत दुसऱ्या प्रकारच्या दुरुस्त्याही होत्या. 'पुरुषांना स्त्रियांपेक्षा पुष्कळ जास्त हक्क होते' या वाक्याच्या जागी पुरुषांची कर्तव्यं आणि हक्क स्त्रियांपेक्षा 'वेगळे' होते, असं हवं होतं. जातीबद्दलचा मजकूर कुठे सौम्य, कुठे गायब. हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी हरकत घेतली, महिनोन्महिने जुंपली, आणि मार्च २००६ मध्ये राज्य मंडळाने वादग्रस्त दुरुस्त्या फेटाळल्या. खटला झाला. न्यायालय म्हणालं, मंडळाच्या कामकाजाची पद्धत चुकली, पण पुस्तकं बेकायदा नाहीत. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, अभ्यासक्रमाचा आराखडा बदलताना पुन्हा तेच नाटक, यावेळी आणखी एक अंक वाढलेला: काही प्राध्यापकांना कित्येक ठिकाणी 'भारत'ऐवजी 'दक्षिण आशिया' हवं होतं. हे मलाही खटकलं, इतिहासातल्या नावावर असा पाटा फिरवू नये. मात्र त्या सुनावण्यांना दलित कार्यकर्तेही आले होते आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, आमचा इतिहास पुसू नका. शेवटी 'भारत' राहिला, जातही राहिली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. 'वेगळे' हा शब्द त्या म्हणीतून आला होता. पण गंमत अशी की मुलीचं पुस्तक मी पुढेमागे चाळलं तेव्हा तीच म्हण दुसऱ्या बाजूनेही लागू पडताना दिसली. अथेन्सचा धडा म्हणजे लोकशाही, नाटक, तत्त्वज्ञान. तिथे गुलाम होते आणि बायकांना मत नव्हतं, हे दोन वाक्यांत. अथेन्सचा त्रिकोण काढून तळाला गुलाम रंगवा, असा गृहपाठ कुणी दिला नव्हता. ग्रीस बाब्या, भारत कार्टं. ग्रुपवरच्या बायकांना जो राग आला होता त्याचं हे खरं कारण होतं, त्यांना ते नीट मांडता आलं नाही इतकंच. आणि मांडता आलं नाही म्हणून त्यांनी मागणी केली ती नेमकी उलटी: आमचाही बाब्या करा.

ही मागणी एकट्या आपल्याच लोकांची नाही. कॅलिफोर्नियाने एथ्निक स्टडीजचा आदर्श अभ्यासक्रम २०१९ मध्ये लोकांपुढे ठेवला तेव्हा तो जड परिभाषेने भरलेला होता, आणि ज्यू संघटनांना त्यात ज्यूद्वेष दिसला. मग रांग लागली. ज्यू, अरब, आर्मेनियन, शीख, प्रत्येकाला आपलं पान हवं. मार्च २०२१ मध्ये मंजूर झालेल्या अंतिम मसुद्यात त्यांचे धडे आलेही. मी त्या रांगेला हसत नाही. आर्मेनियन आजीला नातवाच्या पुस्तकात आपला संहार वाचायचा असेल तर तिचा हक्क आहे. पण रांग लावून जे पुस्तक बनतं त्यात प्रत्येक पान त्या त्या गटाला दाखवून 'बरोबर आहे ना?' असं विचारून छापलेलं असतं, आणि अशा पानावर त्या गटाच्या आतलं भांडण कधीच येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी हा विषय हायस्कूल पदवीसाठी सक्तीचा करणाऱ्या कायद्यावर सही केली, पण त्यात पैशांची तरतूद झाली तरच, अशी मेख होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पैसे आले नाहीत. सक्ती तिथेच अडकली.

या वर्गांचा उपयोग होतो का? सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगावरचा २०१७ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. नववीतल्या कच्च्या मुलांची हजेरी एकवीस टक्के-गुणांनी वाढली आणि गुणांची सरासरी, जी इथे चारपैकी मोजतात, १.४ ने. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच मी सावध होते. मोजक्या शाळा, मोजकी मुलं, मन लावून शिकवणारे शिक्षक. त्याच्या संख्याशास्त्रावर इतरांनी टीकाही केलेली आहे. राज्यभर सक्ती केल्यावर जो वर्ग क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात पडेल त्यात हेच होईल, असं मला वाटत नाही.

दुसरं टोक म्हणजे, ज्याला जो धडा बोचतो त्याने आपलं मूल त्या तासाला बाहेर न्यावं. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत समलिंगी पात्रं असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांवरून मुस्लीम आणि ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांची बाजू घेतली. त्या पालकांचं दुखणं मी समजू शकते. पण एक वैविध्य दुसऱ्या वैविध्याला वर्गाबाहेर काढतंय, हे दृश्य पाहून मला आमच्या ग्रुपवरचं ते पत्रच आठवलं.

परक्यांना बोल लावणं सोपं आहे, म्हणून घरचं सांगते. आमची रविवारची मराठी शाळा भाड्याच्या वर्गात भरते. दोन वर्षं मी तिथे शिकवलं. 'अबीर गुलाल' मुलं छान म्हणतात, तालात, टाळ्या वाजवत. 'उंबरठ्याशी कैसे शिवू आम्ही जातिहीन' ही ओळ त्याच अभंगात आहे. या ओळीचा अर्थ मी दोन वर्षांत एकदाही सांगितला नाही. चोखोबा उंबरठ्याशी का थांबला, आत का गेला नाही, त्याची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर पायरीशी का आहे, हे नऊ वर्षांच्या मुलांना कळण्याजोगं आहे. मीच टाळलं. पालक बाहेर गाडीत बसलेले असतात, त्यांना काय वाटेल म्हणून. म्हणजे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, दुरुस्त्यांची यादी घेऊन गेलेल्यांनी जे केलं ते मी पैसे न घेता, रविवारी सकाळी, दहा मुलांसमोर केलं.

आणि टाळून मी त्या मुलांचं काय हिरावलं, ते त्या त्रिकोणाने दाखवलं. त्रिकोणात माणसंच नाहीत. कुणी चिडलेलं नाही, कुणी भांडलेलं नाही. १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी बसलेले साने गुरुजी त्यात नाहीत. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरून तीन वर्षांनी, पंचवीस वर्षांचे असताना, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चेत जातिव्यवस्थेचा उगम मांडणारे आंबेडकर नाहीत. जोतीराव फुले तर नाहीतच, आणि अमेरिकन पुस्तकात नसावेत याचं मला सगळ्यात नवल वाटतं. कारण १८७३ मध्ये पुण्यात बसून त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. 'परम प्रीतीने.' ज्यांना अर्पण केलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ते पुस्तक आहे हेच माहीत नाही. आणि आपली मुलं त्यांच्याच शेजारी बाकावर बसतात. जात लपवणाऱ्या पत्रातही फुले नव्हते आणि जात रंगवायला लावणाऱ्या कागदावरही नव्हते. मला दोन्ही नको होतं ते याचसाठी. मुलीला 'वर' हे उत्तर दिल्यावर पुढे सांगण्यासारखं जे काही होतं, ते सगळं या माणसांमध्ये होतं.

ग्रुपवर सही न करता मी शिक्षिकेला ईमेल लिहिली. तक्रारीची नव्हे, विचारणारी. तिचं उत्तर प्रामाणिक होतं: भारताला वर्षात आठ दिवस मिळतात, तो कागद तिने आधीच्या शिक्षिकेच्या फायलीतून उचलला, आणि शुक्रवारचा तास तुम्ही घेता का? पंचेचाळीस मिनिटं. मी अर्पणपत्रिकेच्या पानाची झेरॉक्स नेली, खाली माझं ओबडधोबड भाषांतर. चोखोबाची ती ओळ फळ्यावर देवनागरीत लिहिली, मुलीने ती वाचून दाखवली. तिच्या मराठीचा वर्गात पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "अठराशे त्र्याहत्तर म्हणजे काही प्राचीन नाही." शिक्षिका हसली, म्हणाली, "बरोबर, हे आपल्या युनिटमध्ये बसत नाही." त्याचा पुढचा प्रश्न तयार होता: "मग ते थांबलं का?"

मी नाही म्हटलं. तिकडेही नाही आणि इथे आलेल्यांमध्येही पूर्ण नाही. तो आणखी काही विचारणार होता, पण तास संपत आला होता, मुलं दप्तरं भरायला लागली होती. शिक्षिकेने फळा पुसायला घेतला. सोमवारपासून चीन सुरू होणार होता.